डाव्या खांद्याचा उतार

नळाला मोजा बांधलेला होता. छातीवर डाव्या बाजूला, जिथे एरवी लोक खिसा शोधतात तिथे, तळहाताएवढा नळ, आणि त्याच्या तोंडाला सुतळीने बांधलेला, खाली लोंबणारा एक मोजा — टाचेला भोक पडलेला. भोक नुसतं भोक म्हणून सोडलं नव्हतं, त्याच्या कडेचे उसवलेले दोन धागेही काढले होते, आणि हे सगळं एकाच रेघेत, हात मध्ये कुठेही न उचलता... जसं काही काढणारीला भीती होती, की पेन उचललं तर नळ पुन्हा गळायला लागेल. काळा टी-शर्ट, पांढरी शाई. शाई बोटाला खरखरीत लागत नव्हती, कापडात मुरली होती. छपाई चांगली. चित्र गमतीदार. विकायला सोपं. आणि हा मोजा माझा आहे.

शेवटचं वाक्य त्याने ताबडतोब मागे घेतलं. जगात भोकाचे मोजे पुष्कळ, गळके नळ त्याहून पुष्कळ. थेंबाच्या आवाजाने झोप उडालेल्या कुणालाही ही युक्ती सुचू शकते. मोजा बांधला की थेंब आवाज न करता त्यातून घसरत खाली जातो, यात काही मोठं डोकं लागत नाही. पण मोज्याला सर्दी होईल म्हणून दर रविवारी तो सोडून कोरडा बांधणारी बाई एकच होती. आणि पार्सलच्या झाकणावर आतल्या बाजूने, जिथे हे छोटे छापणारे लोक आपलं नाव उमटवतात तिथे, शिक्का होता — ‘दीड खोली’. त्याचं आणि बायकोचं घर दीड खोलीचं होतं. एक खोली, आणि एक अर्धी, जिला घरमालक स्वयंपाकघर म्हणायचा आणि ती कारखाना.

दुकानात त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण तो टी-शर्ट पास-नापास करायचा. दुकान फक्त छोट्यांचाच माल ठेवायचं; म्हणजे ज्यांचा ब्रँड म्हणजे एक माणूस, एक टेबल आणि घरच्यांची नाराजी, असे. मोठ्या कंपन्यांचं नुसतं नाव निघालं तरी ताई — मालकीण — असं तोंड करायची, जणू तिच्या लग्नात न बोलावता जेवून गेलेल्या लोकांचा विषय निघालाय. हे छोटे लोक शोधून काढायचे, नमुने मागवायचे, कुणाच्या तरी अंगात घालून बघायचे, धुऊन बघायचे आणि मग उत्तर पाठवायचं, हे मास्तरचं काम. उत्तराखाली सही ‘निवड विभाग’. निवड विभाग म्हणजे तो आणि मागच्या खोलीतलं वॉशिंग मशीन. मतभेद झालाच तर मशीनचं ऐकायचं, असा नियम होता.

काय काय पाहिलं होतं त्याने या नोकरीत. दोन भाऊ होते, ते फक्त पाठीवर छापत. पुढून काय सांगायचं ते तोंड सांगतं, असं त्यांचं तत्त्व, आणि दोघांचं आपसात बोलणं बंद. एक निवृत्त दंतवैद्य होते, ते जुन्या पेशंटांच्या दाढांचे एक्स-रे छापत, रीतसर परवानगी घेऊन, आणि स्वतःची दाढ ओळखून दाखवणाऱ्याला टी-शर्ट फुकट देत. एकीने अशी शाई बनवली होती जी घाम आल्यावरच दिसते. काखेखाली हळूहळू ‘मी ठीक आहे’ असं उमटायचं. तो त्याने बघताक्षणी पास केला, आणि एक स्वतःसाठी ठेवून सगळा उन्हाळा तोच वापरला, म्हणजे कुणाला वेगळं सांगत बसायला नको. शोधायची पद्धतही साधी होती. रस्त्यावरून माणसांच्या मागे जायचं. एकदा एका पाठीवरचं बारीक अक्षरांतलं वाक्य पुरं वाचायला तो एका गृहस्थांच्या मागोमाग दवाखान्यात शिरला, रांगेत उभा राहिला, आणि वाक्य संपायच्या आत त्याचाच नंबर आला. रक्तदाब थोडा वाढलेला निघाला.

ही नोकरी त्याने घर सोडल्यावर धरली. त्याआधी तो हॉटेलांच्या चादरी बनवणाऱ्या कारखान्यात होता, तिथेही तपासणीच. म्हणजे तिला ठाऊक नव्हतं, तो इथे आहे हे. तिने एका अनोळखी विभागाला पार्सल पाठवलं होतं. की ठाऊक होतं... नसावं. ठाऊक असतं तर मोज्याचं भोक शिवून पाठवलं असतं तिने. किंवा मोठं करून.

खोक्यात आणखी होते. त्याने ते एकेक करून बाहेर काढले, परक्या घरात आपण खुर्ची सरकवतो तसे, आवाज न करता. स्टूल, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. खिडकी, जिची कडी तुटली होती आणि जी चिकटपट्टीने बांधून ठेवलेली असायची. वारा आला की पट्टी असा आवाज करायची, की शेजारच्या खोलीत कुणीतरी भेटवस्तू उघडतंय असं वाटावं, आणि ती अंथरुणातूनच विचारायची, काय निघालं रे? फ्रिज, खालच्या अंगाला पोचा आलेला. तो चालू व्हायला तिथे गुडघ्याने एक ठेवून द्यावी लागे, आणि घरात ते खातं त्याच्याकडे होतं. चित्रात पोचा होता. गुडघा नव्हता.

आता तो स्वतःला शोधत होता. हे त्याला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं, लग्नाच्या अल्बममध्ये दुसऱ्याच्या फोटोच्या मागे आपला कान आलाय का बघावं तसं. खिडकीच्या काचेत कुणी? काच मोकळी. स्टुलाला सावली होती, पण ती स्टुलाचीच. शेवटच्या टी-शर्टावर खुर्ची निघाली आणि तो जरा सावरून बसला, कारण खुर्ची म्हणजे तर तोच. त्या खुर्चीवर कायम त्याचे कपडे पडलेले असत, अंगातून उतरवलेले पण धुवायला टाकण्याइतके न मळलेले, ज्यांना घरात कुठलाच देश नसतो असे. ती म्हणायची, तू बाहेर गेलास तरी इथे बसलेला असतोस, मला एकटं म्हणून राहता येत नाही. चित्रात खुर्ची रिकामी होती. पाठीला तीन आडव्या पट्ट्या, मधली किंचित वाकलेली. तीन पट्ट्या आहेत हे त्याला आज कळलं. इतकी वर्षं त्या खुर्चीला त्याने पाठमोरं असं पाहिलंच नव्हतं.

वस्तू राहिल्या, तो निघाला, आणि तिने समोर जे होतं ते काढलं. यात दुष्टपणा काही नव्हता. असता तर बरं झालं असतं. दुष्टपणात निदान माणूस धरलेला असतो.

तसं वेगळं होण्यामागेही सांगण्यासारखं काही नव्हतंच, आणि नातेवाइकांची खरी तक्रार तीच होती. मामा तर हात जोडून म्हणाले होते, एखादं बरं कारण तयार करा बाबांनो, आम्हाला चारचौघांत काहीतरी सांगायला हवं. दोघांनी एका दुपारी खरंच बसून प्रयत्न केला. व्यसन नाही, मारहाण नाही, तिसरं माणूस नाही. शेवटी ती म्हणाली होती, “तू माझ्याशी बोलतोस तेव्हा मला उजेडासमोर धरून बघतोस असं वाटतं. कुठे धागा सुटलाय का.” आणि तो म्हणाला होता, हे मामांना कसं सांगणार. आणि ती हसली होती, आणि तो हसला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याने बॅग भरली होती. हसलो नसतो तर... पण हसण्यासारखं होतं ते. अजूनही आहे.

“मास्तर, झालं का तुझं? फोटो काढायचेत.”

पुतळा दारात उभा होता. पुतळा म्हणजे दुकानात गिऱ्हाईक बघणारा माणूस, चाळिशीकडे झुकलेला, दोन मुलींचा बाप. देवाने त्याला अर्धाच बनवून बाकीचा अर्धा आरशात बघून पुरा केला असावा, इतका दोन्हीकडून सारखा. शिंप्याने त्याचं एकाच बाजूचं माप घेतलं तरी चालतं. म्हणून कुठलाही नवा टी-शर्ट आधी त्याच्या अंगावर चढायचा. मास्तरने त्याला नळाचा दिला. पुतळ्याने तो घातला, आरशासमोर उभा राहिला, डावा खांदा उडवला, पुन्हा उडवला, आणि त्याचा चेहरा पडला.

माझा खांदा उतरलाय का रे, असं त्याने विचारलं ते अशा आवाजात, की जणू नोकरीवरून काढल्याचं पत्र हातात आहे. धाकटीला रोज याच कुशीवर घेऊन झोपतो मी, बायको सांगत होती, मी ऐकलं नाही... तो दोन्ही हात वर करून, खाली करून, मान फिरवून बघायला लागला. त्याच्या सरळ शरीरावर टी-शर्ट एका अंगाला कलला होता. डाव्या खांद्यावर कापडाची एक चुणी पडली होती आणि नळ त्यामुळे किंचित तिरका, म्हणजे त्यांच्या घरच्या नळासारखाच, दिसत होता.

ताई आली. तिने पुतळ्याकडे पाहिलं नाही, टी-शर्टाकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. मग बाकीचे उचलून पाहिले. खुर्चीपाशी ती थांबली. ताई एखाद्या मालापाशी थांबली, की तो दुकानात आला असं समजायचं.

“कोण आहे ही बाई?” ती म्हणाली.

बाई आहे हे कशावरून, असं त्याने विचारलं.

“पुरुष असता तर खुर्चीवर बसलेला दाखवला असता.” ताईने खुर्ची घडी घालून काखेत मारली. “हे सगळे घ्यायचे. पुढच्या हंगामाला समोरच्या खिडकीत हेच लावायचे. फक्त खांदा बघ. याचा नाही, कापडाचा. बाई चित्रं काढणारी आहे, बेतणारी नाही. काय चुकलंय ते नीट कळव, दुरुस्त करून पाठव म्हणावं. आजच कळव. उद्या दुसऱ्या कुणाला सापडली तर मी तुझ्याशी बोलायची नाही.”

पुतळा म्हणाला, म्हणजे मी ठीक आहे ना? मग तो स्वतःच ‘ठीक आहे’ म्हणाला आणि पुढे गेला.

मागच्या खोलीचं दार लावून मास्तरने टी-शर्ट टेबलावर पसरला. मान मध्याला, शिवणी सरळ, तळहाताने सुरकुत्या काढून. मापाची टेप लावायची गरज नव्हती, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं, पण त्याने लावली; हात कामात असले की बाकीचं शरीर जरा गप्प बसतं. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर जास्त उतरलेला. दुसरा टी-शर्ट, तसाच. फ्रिज, खिडकी, स्टूल, सगळे डावीकडे बोटभर खाली. म्हणजे शिवताना हात घसरला असं नव्हे. कागदातच आहे हे. बेतण्याचा जो मूळ कागद असतो, ज्यावरून सगळं कापड कापलं जातं, त्या कागदालाच एक खांदा खाली आहे.

शिकलेला माणूस असं करत नाही. तो कागद मधोमध दुमडतो, अर्ध्याच अंगाची रेघ मारतो, दोन्ही घड्या एकदम कापतो. कागद उलगडला की डावं-उजवं आपोआप सारखं. ती शिकलेली नव्हती. ती काय करायची... जमिनीवर वर्तमानपत्र पसरायची, त्यावर चांगला बसणारा एखादा जुना टी-शर्ट सपाट घालायची, आणि पेन्सिलीने त्याच्या कडेकडेने रेघ ओढत जायची, गुडघ्यांवर, जीभ जराशी बाहेर, लहान मुलं आपला हात कागदावर ठेवून त्याच्याभोवती रेघ ओढतात ना, तशी. अख्खा. न दुमडता. त्या टी-शर्टाला जे काही झालं असेल ते सगळं त्या रेघेत यायचं. कुणाच्या अंगाने तो किती ओढला गेला, कुठे सैल पडला, कुठे उतरला.

कुणाच्या.

करडा टी-शर्ट. बॅग भरताना तो मिळाला नव्हता. तिने विचारलंही होतं, काही राहिलं का, आणि तो म्हणाला होता, एक करडा दिसत नाही, आणि ती म्हणाली होती, फडक्यात गेला असेल. फार वापरलेला, मऊ, गळा सैल झालेला. तो अंगात असला की ती पाठीमागून कपाळ टेकून उभी राहायची, दूध उतू जाईपर्यंत... हे आत्ता कशाला.

त्याने अंगातला शर्ट काढून खुंटीला लावला आणि नळाचा टी-शर्ट घातला. आरशात बघायच्या आधीच कळलं. कुठेही ओढत नव्हता, कुठेही चुणी नव्हती. डाव्या खांद्याची शिवण डाव्या खांद्यावर अशी येऊन बसली होती, जशी एखादी म्हातारी बाई आपल्या ठरलेल्या जागेवर येऊन बसते, बघावंही लागत नाही. आरशात नळ सरळ होता. त्याने आरशातल्या माणसाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने हजारो चादरी, शेकडो टी-शर्ट वाकडे म्हणून बाजूला काढले होते, आणि हे एक वाकडं रोज दाढी करताना समोर उभं असायचं, ते कधी दिसलं नव्हतं.

फोन वाजला. आईचा. आई रोज याच सुमाराला, जेवलास का हे विचारायला फोन करायची, आणि उत्तर ऐकायच्या आत आपण काय जेवलो ते सांगायची. आज त्याने तिला मध्येच थांबवून विचारलं, की आई, माझा डावा खांदा खाली आहे का?

मग आई म्हणाली, “आता कळलं होय तुला?”

मग ती आपली सांगत सुटली. बाबांचाही तसाच होता. घरोघरी विजेचे मीटर वाचत हिंडायचे ते, पिशवी डाव्या खांद्याला; तेव्हा वाटायचं पिशवीने उतरला. तू झालास आणि तुझाही तसाच, तुला कुठली आली पिशवी? मग कळलं, घराण्यातलाच आहे. तुझ्या शाळेच्या शर्टांना डावीकडून आतून एक पट्टी लावायचे मी, म्हणजे बाहेरून सरळ दिसायचा.

त्याने विचारलं, मला सांगितलं का नाहीस.

“सांगितलं असतं तर मुद्दाम वर धरून चालला असतास. तुला ओळखते मी.” आई हसली. मग आवाज थोडा खाली आला. “तिला ठाऊक आहे. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मला बाजूला घेऊन विचारलंन, आई, याला सांगायचं का? मी म्हटलं नको गं, राहू दे. तर म्हणाली, नाही सांगणार. तशी शब्दाची पक्की आहे हो पोरगी.”

आई तिच्याबद्दल अजून ‘आहे’ म्हणायची. बाबांबद्दल ‘होते’ म्हणायला ती लगेच शिकली होती, पण सुनेच्या बाबतीत तिला तो काळ जमत नव्हता. त्याने जेवलो म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

म्हणजे तिला ठाऊक होतं. सगळं ठाऊक असून ती रोज त्या उतरलेल्या खांद्यावर कपाळ टेकत होती आणि बोलत नव्हती. आणि तो मात्र... उजेडासमोर. मग रेघ ओढताना? डावीकडे पेन्सिल खाली घसरली तेव्हा ती थांबली असेल का? एक क्षण, जीभ आत घेऊन? की हाताला लागलेलं एक जुनं फडकं, बाकी काही नाही, मापाला बरं म्हणून घेतलं? मला ठेवायचं म्हणून ठेवलं की मी निघायचा राहून गेलो? चित्रांतून तिने त्याला पुरतं पुसून टाकलं होतं, गुडघ्यासकट, आणि ज्याच्यावर चित्रं छापायची ते कापडच त्याच्या अंगाचं. आता ‘दीड खोली’चा एक टी-शर्ट विकला गेला की कुणीतरी अनोळखी माणूस आरशासमोर उभा राहणार, खांदा उडवणार, आणि बायकोला विचारणार, मी वाकडा आहे का गं. बाबांचा खांदा. मीटर वाचणाऱ्या माणसाचा. दुकानाच्या समोरच्या खिडकीत.

आणि ही चूक आहे. याबद्दल दुमत नव्हतं, मशीनलाही विचारायला नको. चूक कळवली की ती दुरुस्त करणार. ताई माल घेणार. ताईने घेतलं की आणखी चार दुकानं घेणार, हे नेहमीचंच. दीड खोलीच्या दोन खोल्या होतील. आणि त्यातून तो उरलासुरलाही जाईल, एका कात्रीत, त्याच्याच सांगण्यावरून. नाही कळवली तर माल परत येत राहील, लोक वाकडा म्हणून शिव्या घालतील, आणि ती बिचारी शोधत बसेल की चित्रात काय चुकलं. तिसरं म्हणजे सरळ नापास करून टाकायचं. ताईला सांगायचं, बाईला जमणार नाही. मग खांदा तिच्याकडेच राहील, त्या वर्तमानपत्रावर, कुणाला न दिसता... या विचाराचा त्याला इतका मोह झाला, की त्याने उठून पाणी प्यायलं.

मग तो लिहायला बसला. आधी ‘प्रिय’ लिहिलं. निवड विभाग कुणालाच प्रिय लिहीत नाही, म्हणून काढलं. मग लिहिलं की चित्रं फार आवडली, विशेषतः खुर्ची. विशेषतः काढलं. खुर्चीही काढली. मग एक अख्खा परिच्छेद लिहिला, ज्यात निवड विभाग अचानक विचारत होता की नळ दुरुस्त करून घेतला का, आणि वाचून तो एकटाच हसला, आणि तो परिच्छेदही काढला. शेवटी उरलं ते असं होतं, की आपले नमुने पसंत आहेत. सर्व नमुन्यांत डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर जास्त उतरता आहे. बहुधा मूळ कागद वापरलेल्या कपड्यावरून, न दुमडता काढला असावा. कागद मधोमध दुमडून एकाच बाजूची रेघ घ्यावी आणि दोन्ही घड्या एकत्र कापाव्यात, म्हणजे दोन्ही खांदे सारखे येतील. दुरुस्त नमुना आल्यावर पुढचं ठरवू. निवड विभाग.

आयुष्यात तिला इतकं नीट, इतकं काळजीने आपण कधी काही सांगितलं नव्हतं, असं त्याला वाटलं. पाठवलं. बोट आपोआप गेलं, तेवढं बरं झालं.

दुपारभर तो काम करत राहिला. दंतवैद्यांचा नवा माल आला होता, त्यात एक अक्कलदाढ उलटी छापली गेली होती. ती त्याने पास केली, कारण अक्कलदाढेला वर-खाली काय. पुतळा मध्ये येऊन सांगून गेला की बायकोने फोटो बघून खांदा सरळ आहे असा निर्वाळा दिला. नळाचा टी-शर्ट त्याने अंगातून काढला नव्हता. काढायला हवा होता, नमुने तपासणाऱ्याने अंगात ठेवायचे नसतात.

ऊन खिडकीतून निघून समोरच्या भिंतीवर गेलं तेव्हा उत्तर आलं.

आभार मानले होते. कागद दुमडायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं, असं लिहिलं होतं. मग पुढे होतं: ‘एक विचारायचं होतं. कागद दुमडल्यावर कुठल्या बाजूची रेघ धरायची, डाव्या की उजव्या? नमुना घरातलाच आहे, जुना. त्यातला कुठला खांदा बरोबर ते मला आता सांगता येत नाही. तुम्ही सांगाल तो धरीन.’

त्याने ते वाचलं. घरातलाच. पुन्हा वाचलं. एखाद्या कपड्याला घरातला म्हणतात तसं म्हटलं असेल. आता सांगता येत नाही, म्हणजे पूर्वी येत होतं. की सहज लिहिलेला शब्द, वाक्याला टेकू म्हणून, स्टुलाखाली पुठ्ठा असतो तसा? तुम्ही सांगाल तो. तुम्ही. तिला ठाऊक असतं तर ती ‘तुम्ही’ म्हणाली असती का? ठाऊक असतं तर ‘तुम्ही’च म्हणाली असती...

ताईने दारातून डोकं आत घातलं. कळवलंस का, म्हणाली. हो, त्यांनी एक प्रश्न विचारलाय. कसला? मापाचा.

“मग सांग की. मापाचं तर तुला विचारायचं असतं.” आणि ती गेलीसुद्धा.

मापाचं उत्तर सोपं होतं. उजवा. उजवा खांदा नेहमीच्या उतारात होता, जगातल्या बहुतेक सगळ्या टी-शर्टांचा असतो तसा; उजव्याची रेघ धरली की दोन्हीकडे नीट, कुणाचेच नसलेले दोन खांदे. पण डावा धरला तरी चालणार होतं, हीच पंचाईत होती. दोन्हीकडे बोटभर जास्त उतार, म्हणजे जरा सैलसर, ढिला, हल्ली तर लोक तसे मागूनच घेतात. कुणी तक्रार करणार नव्हतं, पुतळ्याच्या अंगावरही सरळ बसला असता. डावा धरला तर तो राहील. पण दोन्हीकडे राहील. दोन्ही खांदे उतरलेला एक माणूस, जो कधी कुठल्या घरात नव्हताच, ज्याला तिने कधी कपाळ टेकलं नव्हतं, तो दुकानादुकानांत लटकत राहील, आणि ज्याचा एकच खांदा खाली होता तो... तो कुठल्याच रेघेत येत नाही. दुमडलं की तो गेलाच. कुठल्याही बाजूने दुमडा.

त्याने ‘उजवा’ लिहिलं. पुसलं. ‘डावा’ लिहिलं, त्याकडे पाहिलं, पुसलं. कुठला बरोबर? त्याला खरंच सांगता येईना. घर सोडल्यापासून आपण तोंडाने कधी न विचारता एकच विचारत होतो, दिसेल त्या पाठीमागून चालत — मी होतो का? त्या घरात, तिच्या दिवसात, मी कुठे होतो का? त्याचं उत्तर सकाळीच मिळालं होतं. होतास. बोटभर. आणि ते मिळून हातात धरतोय तोवर हे दुसरंच समोर ठेवलं गेलं, राहू की जाऊ, आणि तेही अशा रीतीने की विचारणारीला ते विचारल्याचं ठाऊक असेल किंवा नसेल. आणि उत्तर द्यायचं ते सही न करता, विभाग म्हणून.

तुम्हाला कुठला ठेवावासा वाटतो, असं लिहिता येईल. हे त्याच्या डोक्यात असं आलं, जसा भलत्याच मजल्यावर उतरलेला माणूस दार ठोठावतो. तपासणारा असं विचारत नाही. मी कधी असं कुणाला विचारल्याचं... त्याने आठवून पाहिलं. नळ, खिडकी, स्टूल, फ्रिज, सगळीकडे हिंडून आला. एकदाही नाही.

त्याने काहीच लिहिलं नाही. पडद्यावरची उभी रेघ लुकलुकत राहिली. बाहेर पुतळा दिवे एकेक करून मालवत होता, ताई चावी शोधताना कुणालातरी बोलत होती, बहुतेक चावीलाच. निघायला हवं होतं. तो उठला, दिवा बंद करायला हात वर केला, आणि तेवढ्या हालचालीने डाव्या खांद्याची शिवण जागच्या जागी जराशी हलली. दुखलं असं नव्हे. पण तो खांदा आहे, हे त्याला कळलं, एखादं माणूस इतका वेळ आपल्या शेजारीच उभं होतं हे कळावं तसं. तो तसाच थांबला. दार चार पावलांवर होतं, पुढे जिना, पुढे रस्ता, आणि रस्त्यावर माणसं असणार, आपापल्या घराकडे निघालेली. त्यांच्यातून जायचं होतं, आणि हा खांदा कसा धरून चालायचं ते त्याला काही केल्या सुचेना.